एका दिवसाचे सागवानी कपाट

वाचकहो, घर बदलणारी माणसे जगात पुष्कळ आहेत. परंतु विचारपूर्वक घर बदलणारा मनुष्य विरळा, आणि तसा एक मनुष्य आमच्याच घरात राहतो, असे माझे स्वतःविषयी अनेक वर्षांचे मत होते. त्या मतास अनुसरून मी एके सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि पत्नीस म्हणालो, "एक पैसाही उसना न घेता मी हे घर हलवून दाखवीन! लिहून ठेव!"

"कशावर लिहू?" पत्नी म्हणाली. "टेबल तर विकलंत."

येथे थोडा पूर्वेतिहास सांगणे क्रमप्राप्त आहे. मी एका फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचे काम करतो. निस्तेज लाकडास चकाकी आणणे हा माझा व्यवसाय. तीन वर्षांपूर्वी स्वतःचा धंदा काढावा अशी महत्त्वाकांक्षा माझ्या ठायी उत्पन्न झाली व मी कर्ज काढून पॉलिश फवारण्याचे यंत्र विकत घेतले. त्या यंत्राने पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाचा पलंग, त्याची भिंत, त्याचे पडदे आणि पलंगाशेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेले त्याचे सासरे, या सर्वांस एकसारखी चकाकी आणली. नुकसानभरपाईसाठी मी दुसरे कर्ज काढले. दोहोंचे हप्ते भरण्यासाठी तिसरे काढले. चौथे कशासाठी काढले, हे आमच्या घरात आजतागायत कोणालाच आठवत नाही.

अखेरीस आम्ही कर्जसल्ला कार्यालयाची पायरी चढलो. तेथील बाईंनी चारही कर्जांची मोट बांधून छत्तीस हप्त्यांची एक योजना आखून दिली. या बाईंना आमच्या घरात 'हप्तेबाई' म्हणतात; अर्थात त्यांच्या माघारी आणि आदरपूर्वक. योजनेच्या कागदावर पुष्कळ कलमे होती. त्यांपैकी कलम चार असे, की घरात मोलाची जी वस्तू असेल ती जाहीर केलीच पाहिजे. कलम सात असे, की लेखी परवानगीवाचून कोणाकडूनही कर्ज अथवा उसनवारी करता कामा नये. कलम मोडले तर योजना रद्द, आणि चारही सावकार पुन्हा मोकळे! म्हणून मी चौदा महिने चौदा हप्ते स्वतः कार्यालयात नेऊन भरले होते.

अशा स्थितीत आमच्या जुन्या घरमालकांनी घर मागितले. एक तारखेस संध्याकाळी पाचपर्यंत खोल्या रिकाम्या हव्यात, कारण पाच वाजता त्यांचे जावई सामानासह येणार होते. आम्ही नवे घर शोधले. दोनच खोल्या, दुसरा मजला, परंतु भाडे कमी, आणि अनामत रक्कम शून्य! वाचक म्हणतील, यात खोच असणारच. होतीच.

नव्या घरमालकीण बाईंचे यापूर्वीचे दोन भाडेकरू भाडे थकवून निघून गेले होते. पहिला एक पिशवी घेऊन गेला, दुसरा तर नुसताच गेला. तेव्हापासून त्या अनामत मागत नसत. नवा भाडेकरू आला की जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसत आणि त्याचे सामान चढताना पाहत. सामान पसंत पडले तर करारावर सही करून चावी हाती देत. न पडल्यास सामान त्याच जिन्याने परत!

"पिशवी घेऊन पळता येतं हो," त्यांनी मला समजावून सांगितले होते. "कपाट घेऊन कोण पळतोय? मला जड सामान लागतं. तुमचं कसं आहे?"

"जड आहे," मी म्हणालो.

वस्तुस्थिती अशी होती, की आमचे सर्व फर्निचर कर्जापायी विकले गेले होते. उरल्या होत्या दोन गाद्या, एक शेगडी, एक पत्र्याची ट्रंक, भांड्यांची दोन पोती आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांतील एक भिंतीस टेकवूनच वापरता येई. हे सर्व एका हातगाडीवर मावून पत्नीस बसण्यापुरती जागा उरली असती!

"त्या बाईंना खरं काय ते सांगून टाका," पत्नी म्हणाली.

"आणि मग संध्याकाळी पाचनंतर कुठे राहायचं? हातगाडीवर?"

माझ्यापाशी योजना होती! एके काळी अशाच एका योजनेने मला बुडवले होते, ही गोष्ट त्या क्षणी माझ्या लक्षात आली नाही.

आमच्या कारखान्यात एक चार दारांचे सागवानी कपाट पॉलिश होऊन उभे होते. पॉलिश माझ्याच हातचे. त्यात पाहून दाढी करावी इतके चकचकीत! गिऱ्हाइकाकडे ते दुसऱ्या दिवशी जायचे होते. कारखान्याच्या मिस्त्रींपुढे मी दोन्ही हात जोडले.

"एका दिवसापुरतं?" मिस्त्रींनी डोळे बारीक केले. "चार वाजता माझे हमाल येऊन घेऊन जातील. एक ओरखडा दिसला तर तुला पॉलिश करीन!"

दुसरी जड वस्तू मेहुण्याची. पत्नीचा हा धाकटा भाऊ केस कापण्याचे दुकान चालवतो. त्याच्या दुकानात बिडाच्या पायाची, पावलाने दांडा दाबला की वर-खाली होणारी एक खुर्ची आहे. तिला उचलण्यास चार माणसे लागतात आणि पाचवे शिव्या देण्यास. एक तारखेस त्याची सुट्टी होती.

"न्या की भावोजी," तो म्हणाला. "पण संध्याकाळी परत हं. माझं पोट आहे त्या खुर्चीवर."

"अहो, कलम सातचं काय?" पत्नीने विचारले.

"अगं, कलम सात पैशांविषयी आहे," मी गंभीरपणे उत्तरलो. "कपाट म्हणजे का पैसा आहे?"

एक तारखेस दुपारी अडीच वाजता आमचा टेम्पो नव्या घरापुढे थांबला. घरमालकीण बाई आपल्या जागी बसलेल्याच होत्या. कपाट खाली उतरताच त्यांचा चेहरा नव्या पितळी भांड्यासारखा उजळला.

"सागवानी का हो, पॉलिशवाले?"

"अर्थातच!"

"वडिलोपार्जित?"

"साधारणतः," मी म्हणालो.

जिन्याच्या वळणावर कपाट अडकले. पुढेही जाईना, मागेही येईना. वरचे हमाल वर, खालचे हमाल खाली आणि मध्ये मी, भिंत व कपाट यांच्यामध्ये वहीत ठेवलेल्या पिंपळपानासारखा चपटा! अर्धा तास या अवस्थेत गेला. परंतु बाईंचा आनंद गगनात मावेना! "अडकलं! आत जाताना अडकलं म्हणजे बाहेर जाताना पण अडकणार!" त्या वरच्या-खालच्या शेजारणींना बोलावून दाखवू लागल्या. शेवटी चारही दारे काढून कपाट वर नेले आणि पुन्हा बसवले. त्यामागून खुर्ची आली.

"ही कसली हो खुर्ची?"

"ही माझी वाचनाची खुर्ची," मी म्हणालो.

"वर-खाली कशाला होते?"

"काही पुस्तकं उंच असतात."

या उत्तराबद्दल मी आजही स्वतःस क्षमा केलेली नाही. बाईंनी मात्र मान डोलावली. "करार घेऊन येते," म्हणून त्या आपल्या घरात गेल्या. मी पत्नीकडे विजयी मुद्रेने पाहिले. आणि त्याच वेळी जिन्यावर एक ओळखीची छत्री व एक ओळखीची वही वर येताना दिसली.

हप्तेबाई!

पत्ता बदलल्यास त्या स्वतः येऊन पाहणी करतात. मीच त्यांना नियमानुसार कळवले होते. परंतु त्या 'या आठवड्यात केव्हातरी' येणार होत्या. आठवड्याचा पहिला दिवस हादेखील आठवड्यातच मोडतो, हे मी जमेस धरले नव्हते.

"छान हवेशीर आहे," हप्तेबाई आत येत म्हणाल्या. मग त्या थांबल्या. कपाट बघून थांबल्या. कपाटाच्या चार दारांत चार हप्तेबाई दिसत होत्या आणि चौघीही माझ्याकडेच पाहत होत्या.

"हे कपाट तुमच्या यादीत नाही."

"नाही," मी म्हणालो.

"सागवानी आहे."

"आहे."

त्यांनी वही उघडली आणि लिहिण्यासाठी जवळच्या खुर्चीवर बसल्या. ती मेहुण्याची खुर्ची होती. ती 'फुस्स' असा दीर्घ उच्छ्वास टाकून सावकाश खाली गेली आणि बाईंची हनुवटी त्यांच्या गुडघ्यांच्या पातळीवर आली. त्या कर्तव्यदक्ष स्त्रीने तशाही अवस्थेत लेखणी सोडली नाही! मी धावत जाऊन पायाने दांडा दाबला. बाई वर आल्या. जरा जास्तच वर आल्या.

"कलम चार," त्या वरून म्हणाल्या. "मोलाची वस्तू लपवली. हे विकून सावकारांना द्यावं लागेल."

"बाई, हे माझं नाही हो!" मी कुजबुजलो.

"मग कोणाचं?"

"एका दिवसापुरतं आणलंय."

"म्हणजे उसनं. कलम सात. परवानगी कुठे आहे?"

वाचकहो, माझी स्थिती ध्यानी घ्यावी! कपाट माझे म्हणावे तर कलम चार मोडते, माझे नव्हे म्हणावे तर कलम सात. दोन्ही बाजूंस खड्डे आणि मधल्या चिंचोळ्या वाटेवर मी. आणि तेवढ्यात त्या वाटेच्या तोंडाशी घरमालकीण बाई करार घेऊन उभ्या!

"या कोण?" त्यांनी विचारले.

"या... माझ्या आतेबहीण," मी म्हणालो. हप्तेबाईंची लेखणी थबकली.

"अगं बाई! मग भावाचं कपाट बघितलंत का?"

"तेच बघतेय," हप्तेबाई म्हणाल्या.

"वडिलोपार्जित आहे ना? म्हणजे तुमच्या मामांचं!"

"असं का?" हप्तेबाईंनी वहीत काहीतरी लिहिले. मी कपाटाआड तोंड लपवू पाहिले. परंतु त्यातही मीच दिसत होतो.

पत्नीने पाण्याचे पेले आणले. ते घेण्यास कोणीही हात पुढे केला नाही, कारण जिन्यावरून मेहुण्याचा आवाज आला, "भावोजी! खुर्ची! लवकर!"

तो एकटा नव्हता. त्याने एका गृहस्थांस हाताला धरून आणले होते. त्या गृहस्थांच्या डोक्याची डावी बाजू कापलेली होती व उजवी शिल्लक होती. गळ्याभोवती पांढरे कापड बांधलेले होते.

"यांची साडेचारला मुलाखत आहे. सुट्टी असून दुकान उघडलं," मेहुणा धापा टाकत म्हणाला. "स्टुलावर बसवून कापत होतो, ते मोडलं. बाई, जरा उठता का?"

हप्तेबाई निमूटपणे उतरल्या. गृहस्थ चढून बसले. मेहुण्याने दांडा दाबला आणि कात्री चालू केली.

"हे काय चाललंय?" घरमालकीण बाई ओरडल्या. "माझ्या घरात केस कापताय? तुमची ती वाचनाची खुर्ची ना?"

"ही?" मेहुणा हसला. "काकू, ही माझ्या दुकानातली आहे. भावोजींनी एका दिवसापुरती मागून आणलीय."

"गप रे!" पत्नी म्हणाली. परंतु आता गप्प बसण्याची वेळ निघून गेली होती, कारण बरोबर चार वाजले होते आणि मिस्त्रींचे हमाल वक्तशीर होते! त्यांनी कोणाशी एक शब्दही न बोलता कपाटाची दारे काढण्यास आरंभ केला.

"पळाला!" घरमालकीण बाईंनी जिन्यात जाऊन असा काही टाहो फोडला, की सगळ्या मजल्यांची दारे उघडली. "आधीचे निदान चार-चार महिने राहिले! हा सही करायच्या आधीच पळाला!"

"पळत नाहीये हो!" मी म्हणालो. "फक्त कपाट जातंय!"

"मग राहिलं काय?"

सर्वांनी खोलीत पाहिले. दोन गाद्या होत्या. एक ट्रंक होती. भिंतीस टेकलेली खुर्ची होती. आणि घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती. जुन्या घराकडे एव्हाना जावईबापू निघालेही असतील. माझ्याजवळचे सर्व भारदस्त शब्द त्या क्षणी मला सोडून गेले.

तेव्हा पत्नी पुढे आली. "काकू," ती म्हणाली, "आमचं सामान एवढंच आहे. बाकीचं कर्जात गेलं. चार ठिकाणचं कर्ज आहे आमच्यावर. ह्या आतेबहीण नाहीत, कर्जाच्या ऑफिसातल्या आहेत. तुम्हाला जड सामान पाहिजे होतं म्हणून ह्यांनी हे नाटक केलं. पाचनंतर आम्हाला दुसरी जागा नाही. आता तुम्ही काय म्हणाल ते."

एवढेच. सातच वाक्यांचे काम होते, ज्यासाठी मी टेम्पो केला होता! केवळ कात्रीचा आवाज येत होता.

घरमालकीण बाई भिंतीस टेकलेल्या खुर्चीवर, ती न पडेल अशा बेताने बसल्या. मग त्यांनी हप्तेबाईंना विचारले, "किती हप्ते राहिलेत?"

"बावीस."

"एखादा चुकवला?"

"एकही नाही. स्वतः आणून देतात. बँकेत भरा म्हणून मी हात जोडून सांगितलं, तरी येतात आणि अर्धा तास बोलत बसतात."

"आणि समजा, हा माणूस घर सोडून गेला?"

"तीन दिवसांत आम्हाला नवा पत्ता द्यावा लागतो."

"नाही दिला तर?"

"तर आम्ही शोधतो. कारखान्यात विचारतो, नातेवाइकांकडे जातो. शोधावंच लागतं, चार सावकार मागे असतात ना."

घरमालकीण बाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू तोच मघाचा उजेड पसरू लागला. "म्हणजे हा पळाला, तर तुम्ही पाच जण शोधणार?"

"हो."

"मला खर्च?"

"तुम्हाला कसला खर्च?"

बाई ताडकन उठल्या. "अहो पॉलिशवाले, हे आधी नाही का सांगायचं! कपाट काय, हमाल लावून नेता येतं, आत्ता बघितलं मी. पण हे कर्ज घेऊन तुम्ही जाणार कुठे?" आणि त्यांनी ट्रंकेवर करार ठेवून सही केली व चावी माझ्या पत्नीच्या हाती दिली. माझ्या हाती दिली नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

हप्तेबाईंनी वहीतले आधीचे पान फाडले आणि नव्या पानावर लिहिले: 'कपाट एक, खुर्ची एक, एका दिवसासाठी, परवानगी देण्यात येत आहे.' मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यापुढे हप्ता बँकेत भरायचा. आणि नातं जोडायचं नाही." मी दोन्ही अटी मान्य केल्या. मुलाखतीचे गृहस्थ दोन्ही बाजू सारख्या करून वेळेवर गेले.

त्या दिवसापासून या इमारतीत मला जो मान मिळाला, तसा मला आयुष्यात कधीही मिळाला नव्हता. घरमालकीण बाई नव्या माणसास माझी ओळख करून देत, ती अशी: "हे आमचे दुसऱ्या मजल्यावरचे. चार ठिकाणचं कर्ज आहे! एकदम भरवशाचा माणूस." दर महिन्याला त्या माझी हप्त्याची पावती मागून घेत आणि चष्मा लावून वाचत. कधी जिन्यात भेटल्या तर काळजीने विचारत, "सगळे सावकार बरे आहेत ना?"

परंतु वाचकहो, सुखास दृष्ट लागते म्हणतात ती अशी. गेल्या महिन्यात मी मोठ्या अभिमानाने त्यांना सांगितले, "काकू, आता फक्त अकरा हप्ते राहिले!"

त्यांचा चेहरा पडला. "अकराच?" त्या म्हणाल्या. "एवढी कसली घाई होती?"

तेव्हापासून त्या मला जिन्यात भेटल्या की पूर्वीसारखे हसत नाहीत. माझ्या हातात पिशवी दिसली, की ती भाजीची आहे ना, हे वाकून पाहतात. एकदा त्यांनी हळूच विचारलेदेखील, "मग, पुढे काय ठरवलंय?" आणि काल सकाळी दाराच्या फटीतून एक छापील पत्रक आत सरकले. 'सुलभ हप्त्यांत फ्रिज! साठ महिने!' त्यावर बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते: 'विचार करा.'

पत्नीने ते पत्रक वाचले, त्याच्या चार घड्या घातल्या आणि हलणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सरकवून दिले. मी तिच्या या निर्णयास तत्काळ व मनापासून अनुमोदन दिले.

तथापि, ती बाजारात गेल्यावर मी ते पत्रक काढून पुन्हा एकदा सावकाश वाचले. व्याजाचा दर तसा वाईट नाही, हे केवळ वाचकांच्या माहितीसाठी येथे नमूद करतो. आमच्या घरी आलात, तर कृपया हा विषय काढू नये.